फूटभर माती, अंगणभर मांडव!

द्राक्षापासून दोडक्यापर्यंत: जालन्याच्या उन्हात फुलणाऱ्या वेलींच्या भन्नाट गोष्टी

जालना म्हटले की मोसंबी, बियाणे आणि स्टील ही तीन नावे पटकन तोंडात येतात. चौथे नाव तितक्याच हक्काने घ्यायला हवे, ते द्राक्षाचे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, पावसाचा भरवसा नसतो आणि विहिरी लवकर तळ दाखवतात. अशा या जिल्ह्यात द्राक्षाचे मांडव दिमाखात उभे आहेत. मग आपल्या अंगणात, गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडपुढे एखादी वेल का नसावी? आंब्या-चिंचेला ऐसपैस जागा लागते. वेलीला मुळांपुरती माती आणि चढायला आधार मिळाला की पुरे. खाली सावली, वर फळ, मधे पाखरे. कमी जागेच्या आणि कडक उन्हाच्या गावाला याहून स्वस्त बाग नाही. वेली लावायला निघालात तर सोबत या गोष्टीही ठेवा.

कडवंचीने करून दाखवले

जालना तालुक्यातले कडवंची हे कोरडवाहू गाव. १९९६ च्या सुमारास इथे इंडो-जर्मन कार्यक्रमातून पाणलोटाचे काम सुरू झाले. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ, खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आणि विजयअण्णा बोराडे यांचे मार्गदर्शन गावाच्या पाठीशी होते. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खोदले गेले, बांध घातले गेले, पाणी शिवारातच मुरले. पुढे शेकडो शेततळी झाली, ठिबक आले आणि बाजरी-कापसाच्या रानात द्राक्षाचे मांडव चढले. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या कितीतरी बागा वाळून गेल्या, पण कडवंचीचे मांडव हिरवे राहिले. आजूबाजूच्या गावांनीही हा धडा गिरवला. पाणी मोजून दिले की द्राक्ष जालन्यात येते, याला आता वेगळा पुरावा नको.

दौलताबादची द्राक्षे, सातशे वर्षांपूर्वीची

मराठवाड्यात द्राक्ष नवे आहे असे वाटत असेल तर इब्न बतूताला विचारा. हा मोरोक्कन प्रवासी चौदाव्या शतकात दौलताबादला येऊन गेला. इथे द्राक्षे आणि डाळिंबे होतात आणि त्यांना वर्षातून दोनदा फळ येते, अशी नोंद त्याने आपल्या प्रवासवर्णनात केली. जालन्यापासून दौलताबाद पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. थंड मुलखात द्राक्षवेल हिवाळाभर पाने झाडून निजते. आपल्या उबदार हवेत ती अशी निजत नाही. छाटली की पुन्हा फुटते, मग महिना कोणताही असो.

एक वेल, दोन छाटण्या

महाराष्ट्रातली द्राक्षशेती याच गुणावर उभी आहे. युरोपात वेल वर्षातून एकदा छाटतात, आपल्याकडे दोनदा. माल निघाल्यावर एप्रिलमध्ये करायची ती खरड छाटणी. यात जुनी काडी एक डोळा (फूट निघणारी गाठ) ठेवून कापतात आणि नवी काडी तयार करून घेतात. ऑक्टोबरमधली ती गोडी छाटणी. यात काडीवर सहा-सात डोळे राखतात आणि त्यांतून घड बाहेर पडतात. तिथून साधारण चार-साडेचार महिन्यांत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, द्राक्षे तोडायला येतात. घरच्या वेलीला नुसता पाला येतो, घड येत नाहीत, अशी तक्रार पुष्कळांची असते. बहुतेक वेळा कारण एकच: कात्री चाललेली नसते.

घड ठरतो उन्हाळ्यात

गोडी छाटणीनंतर दिसणारा घड खरे तर चार-पाच महिने आधीच डोळ्याच्या आत तयार झालेला असतो. खरड छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत, म्हणजे मे-जूनच्या सुमारास, काडीतल्या डोळ्यांत सूक्ष्म घडांची घडण होते. त्यासाठी काडीवर भरपूर ऊन पडावे लागते. ज्या उन्हाने आपण हैराण होतो तेच पुढच्या द्राक्षांची बेगमी करून ठेवते! म्हणून या दिवसांत पाल्याची गर्दी होऊ देऊ नका, पानांच्या बगलेतून येणाऱ्या बगलफुटी काढा आणि युरियाचा हात आखडता घ्या. पाणीही बेताचेच द्या.

घड आणि बाळी, एकाच आईची लेकरे

वेलीला धरून ठेवणारा जो कुरळा ताणा असतो, त्याला बागायतदार ‘बाळी’ म्हणतात. घड आणि बाळी एकाच अंकुरापासून निघतात. काडीला अन्न आणि ऊन नीट मिळाले तर त्या अंकुराचा घड होतो. काही कमी पडले तर तोच अंकुर बाळी होऊन बसतो. कधी कधी अर्धा घड, अर्धी बाळी असेही दिसते. आता एक खेळ करून पाहा. द्राक्षाच्या कोवळ्या फुटीवर पानाच्या बरोबर समोर ताणा किंवा घड असतो. सलग दोन पेरांवर तो दिसतो आणि तिसऱ्या पेरावर नसतो. पुन्हा दोन पेरांवर असतो, तिसऱ्यावर नाही. मुलांना मोजायला लावा, फार मजा येते.

ताण्याची उलटी गिरकी

काकडी-दोडक्याच्या ताण्याने आधार पकडला की तो स्वतःला स्प्रिंगसारखी वेटोळी घालतो आणि वेलीला जवळ ओढतो. नीट पाहिले तर अर्धी वेटोळी एका दिशेला आणि अर्धी विरुद्ध दिशेला असतात, मधे एक सरळ तुकडा असतो. दोन्ही टोके बांधलेली असताना एकाच दिशेला वेटोळी घातली तर ताण्याला पीळ पडून तो तुटेल. दिशा बदलली की पीळ फिटतो. चार्ल्स डार्विनने १८६५ मध्ये वेलींच्या हालचालींवर मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्यात या उलट्या गिरकीचाही विचार आहे. वारा आला की ही स्प्रिंग थोडी लांबते, पुन्हा आखडते आणि वेल शाबूत राहते.

बी गेले कुठे?

बिनबियांच्या द्राक्षात बी नसतेच असे नाही. थॉमसन सीडलेससारख्या जातीत परागीभवन होते, बी धरू लागते आणि अगदी लहान असतानाच त्याची वाढ थांबते. दाताखाली कधी मऊ कण येतो, तो त्या अर्धवट बीचा. वाढत्या बीमध्ये मणी फुगवणारे जिबरेलिन हे संजीवक तयार होते. बी वाढले नाही म्हणजे ते कमी आणि मणी लहान. म्हणून बागायतदार घड जिबरेलिनच्या (‘जीए’च्या) द्रावणात बुडवतात. घरी याची गरज नाही. मणी थोडे लहान राहतील, चवीला उणे नसतील.

याच जिबरेलिनची आणखी एक गंमत पाहा. मनी प्लांटला फूल आलेले तुम्ही पाहिले आहे का? जवळजवळ कुणीच पाहिलेले नाही. शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये कारण शोधले, ते असे की ही वेल स्वतःचे जिबरेलिन नीट बनवू शकत नाही. बाहेरून दिले तेव्हा तिला फुले आली!

एक फांदी बदलली आणि नवी जात आली

थॉमसन सीडलेसचे मूळ पश्चिम आशियातल्या जुन्या किशमिश जातीत आहे. थॉमसन हे नाव तिला कॅलिफोर्नियातल्या एका बागायतदारावरून मिळाले. महाराष्ट्रात आल्यावर तिच्या काही फांद्यांत आपोआप बदल झाले आणि ते चाणाक्ष शेतकऱ्यांच्या नजरेत भरले. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी लांबट मण्यांची फांदी हेरली, तिच्या काड्या वाढवल्या आणि ‘सोनाका’ जात दिली. काळ्या द्राक्षांतली ‘शरद सीडलेस’ ही त्यांचीच देणगी. सांगलीच्या तासगाव भागातून ‘तास-ए-गणेश’ आली. यांतल्या कितीतरी शोधांमागे प्रयोगशाळा नव्हती, होती ती रोज बागेत फिरणारी तीक्ष्ण नजर. तुमच्या वेलीवर एखादी फांदी वेगळी वागत असेल तर तिलाही कापण्याआधी एकदा निरखा.

चोर पळवायला काढलेले औषध

फ्रान्सच्या बोर्डो परिसरात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद आणि चुन्याचे निळे पाणी शिंपडत. हेतू एवढाच की वाटसरूंना किळस यावी आणि घड वाचावेत. १८८२ मध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की त्याच वेली डाऊनी (केवडा) रोगातून बचावल्या आहेत. त्याने प्रयोग करून १८८५ मध्ये कृती प्रसिद्ध केली आणि जगाला बोर्डो मिश्रण मिळाले. आजही आपल्या बागांत ते वापरतात.

घरासाठी एक टक्क्याचे प्रमाण सोपे आहे: १० ग्रॅम मोरचूद, १० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी. प्लॅस्टिकच्या दोन भांड्यांत वेगवेगळे विरघळवा, मग एकत्र करा. मिश्रणात लोखंडी सळई बुडवून पाहा. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. मिश्रण ज्या दिवशी केले त्याच दिवशी फवारून संपवा. फवारताना हातमोजे आणि मास्क हवाच. घड लागलेले असताना हे फवारू नका.

तोडले की गोडी थांबली

केळी आणि आंबा तोडल्यावर पिकतात, द्राक्ष पिकत नाही. वेलीवर जितके गोड झाले तितकेच ते राहणार. म्हणून घरच्या वेलीचा सगळ्यात मोठा फायदा हाच की मणी पूर्ण गोड होईपर्यंत तुम्ही थांबू शकता. घडाच्या शेंड्याकडचा मणी चाखून पाहा. तो गोड लागला तर सारा घड तयार समजा. मण्यावरचा पांढुरका थर हे बहुतेक वेळा नैसर्गिक मेण असते. ते मण्यातले पाणी उडू देत नाही. अर्थात खाण्याआधी द्राक्षे धुवायचीच. द्राक्षे फार झाली तर बेदाणे करा. साधारण चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा होतो आणि मार्चमधली जालन्याची कोरडी हवा त्याला छान मानवते.

वेलींचे घड्याळ

आता भाजीच्या वेलींकडे वळू. यांची फुले वेळेला फार पक्की.

• कारले: पहाटे उमलते.
• भोपळा, काकडी, घोसाळे: सकाळी.
• दोडका: दिवस कलल्यावर, संध्याकाळी.
• दुधी: संध्याकाळी. पांढरे फूल रात्रीच्या पतंगांना अंधारातही दिसते.
• पडवळ: अंधार पडू लागला की. झालरीसारख्या पांढऱ्या पाकळ्या एकदा तरी बॅटरी घेऊन पाहाव्यात.

दोडका आणि घोसाळे अगदी जवळचे भाऊबंद, पण एक संध्याकाळचा आणि दुसरा सकाळचा. हे कळले की फुले येतात पण फळ धरत नाही, हे कोडे सुटते. नुसत्या दांड्यावरचे फूल नर, बुडाशी इवलेसे फळ असलेले मादी. सुरुवातीला नर फुलेच जास्त येतात, घाबरू नका. मधमाश्या कमी असतील तर नर फूल तोडून त्याचे पुंकेसर मादी फुलाच्या मध्यावर हलके टेकवा. फूल उमलण्याची वेळ तेवढी पाळा.

हाताने परागीभवन करण्याचे कसब जालन्याला नवे नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि पुढे हे शहर बियाण्यांची बाजारपेठ म्हणून देशभर गाजले. १९९८ मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाणे तयार करताना मजुरांची, विशेषतः बायकांची, बोटे फुलाफुलावर असेच काम करतात. घरच्या दोडक्यावर हा प्रयोग करणाऱ्या प्रत्येकाला त्या कष्टांची किंमत कळेल.

नर वेल, मादी वेल

काही वेलींत नर आणि मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात. तोंडली त्यांतलीच. म्हणून तोंडलीचे बी लावण्यापेक्षा फळ देणाऱ्या वेलीची काडी आणा. कर्टोलीचेही तसेच. तिचा कंद जमिनीत निजतो आणि पहिल्या पावसाने जागा होतो. पाऊसकाळात भाव खाणारी ही रानभाजी परसात लावायची तर आठ-दहा मादी वेलींमागे एक नर वेल हवी. रानद्राक्षाच्या वेलीही अशाच नर-मादी असतात, पण लागवडीच्या द्राक्षाचे फूल उभयलिंगी आहे. त्यामुळे दारात एकच वेल असली तरी घड धरतात.

कडू भोपळा सूर देतो

दुधी कापल्यावर एक फोड चाखून पाहा. कडू लागली तर अख्खा दुधी टाकून द्या. त्यातले कुकुर्बिटासिन पोटाला घातक ठरते आणि कडू दुधीचा रस पिऊन माणसे दगावलीही आहेत. मात्र याच कुळातला मोठा कडू भोपळा वाळवून मिरजेचे कारागीर तंबोरा आणि सतार घडवतात. मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जालन्याच्या मोसंबीला ते २०१६ मध्येच मिळाले होते.

समर्थांची बाग

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ चा, गाव जांब, आजच्या घनसावंगी तालुक्यातले. त्यांनी ‘बागप्रकरण’ नावाची रचना केली आहे. तिच्यात झाडाझुडपांची नावे ओळीने मांडली आहेत. अध्यात्माइतकेच बागेलाही शब्द देणारा संत याच जिल्ह्याच्या मातीतला आहे, हे प्रत्येक जालनेकराने अभिमानाने सांगावे.

अडीचशे वर्षांची एकच वेल

लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात १७६८ मध्ये लावलेली एक द्राक्षवेल आजही फळते. काचघरातली ही एकटी वेल वर्षाला पावणेतीनशे किलोच्या आसपास द्राक्षे देते. स्लोव्हेनियातल्या मारिबोर शहरात एका घराच्या भिंतीवर चढलेली वेल तर चारशे वर्षांहून जुनी आहे. द्राक्षवेल नीट सांभाळली तर नातवंडे-पतवंडेही तिची फळे खातात, ते हे असे.

झटपट चटपटीत

• मधुमालतीचे फूल रात्री पांढरे उमलते, मग गुलाबी आणि शेवटी लाल होते. आधी पतंग येतात, मग मधमाश्या आणि फुलपाखरे.
• गोकर्णाच्या निळ्या फुलांचा चहा करा आणि त्यात लिंबू पिळा, रंग जांभळट गुलाबी होतो. शिवाय ही शेंगवर्गीय वेल मातीला नत्र देते.
• गुळवेलीचा तुकडा झाडावर लटकत राहिला तरी जगतो आणि हवेतून खाली मुळे सोडतो.
• पडवळ वाकडे वाढू नये म्हणून टोकाला छोटा दगड बांधतात. ही जुनी युक्ती आजही चालते.
• कोल्ह्याला द्राक्षे आंबट आणि कोल्हा काकडीला राजी! आपल्या दोन म्हणींत कोल्हा, आणि दोन्हींत वेलीचेच फळ.
• कुत्र्याला द्राक्षे किंवा बेदाणे चुकूनही देऊ नका, त्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

लावायची कशी?

जागा अशी निवडा जिथे दिवसाचे सहा-सात तास ऊन येते. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. काळ्या मातीत पाणी साचते आणि मुळे कुजतात, म्हणून तिच्यात वाळू आणि भरपूर कुजलेले शेणखत मिसळा. जमीनच नसेल तर तळाला भोके पाडलेले मोठे पिंप चालते.

गोडी छाटणीतली पेन्सिलीएवढी जाड, तपकिरी, तीन-चार डोळ्यांची काडी पिशवीत लावा. दोन डोळे मातीत, बाकीचे वर. डोळ्याची टोके वरच्या बाजूला आहेत ना, ते तपासा. मुळे धरली की रोप खड्ड्यात लावा. एकच खोड बांबूला सुतळीने बांधत सरळ वर न्या. मांडवाच्या तारेपाशी पोचले की शेंडा खुडा आणि दोन बाजूंना दोन ओलांडे, म्हणजे आडव्या फांद्या, सोडा. मांडव सात फूट उंच ठेवला तर खाली खाट टाकता येते.

पाणी ठिबकने किंवा मडक्यातून झिरपवून द्या. भाज्या धुतलेले पाणी चालते, साबणाचे नको. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी टाळा, त्यातले क्षार द्राक्षाला सोसत नाहीत. पहिल्या बहराला मोजकेच घड ठेवा, बाकीचे काढून टाका. मणी गोड होऊ लागले की घडांना कागदी पिशव्या घाला, नाहीतर साळुंक्या आणि बुलबुल तुमच्या आधी पोचतील.

दर ऑक्टोबरला जिल्ह्यातल्या द्राक्षबागांत गोडी छाटणी होते आणि हजारो काड्या बांधावर पडतात. आपल्याला त्यांतल्या दोनच पुरेत. यंदा ओळखीच्या बागायतदाराकडे जा आणि दोन काड्या हक्काने मागून आणा. एक स्वतःच्या अंगणात लावा आणि दुसरी शेजाऱ्याला द्या. मांडव चढेपर्यंत दोन उन्हाळे जातील, पण पुढची कित्येक वर्षे सावली आणि गोडी दोन्ही तुमच्या दारात असतील.